जळका वाख

दोर वळणाऱ्या माणसाची अर्धी जिंदगी उलटी चालण्यात जाते. समोर चाक फिरत असतं, कमरेला घायपाताच्या वाखाचा गुंडाळा असतो, आणि माणूस बोटांतून सूत सोडत मागं मागं सरकत जातो. निघालो कुठून तेवढं त्याला दिसतं, चाललोय कुठं ते दिसत नाही. अशा माणसाचं घर बारकं असलं तरी भागतं, शेत नसलं तरी भागतं, पण जमिनीची पट्टी लांब लागते. सरळ, मोकळी, पायाखाली खडा नसलेली.

ह्या दोरवाल्याची पट्टी मागच्या दारापासून निघायची ती थेट मोठ्या रस्त्याला जाऊन टेकायची. रुंदी विचाराल तर दोन म्हशी शेजारी उभ्या केल्या तर त्यातली एक दुसऱ्याच्या हद्दीत. पण आज्यानं आणि बापानं उलटं चालून चालून ती अशी चोपून काढली होती की अनवाणी चाललं तर जमीन टाचेला ओळख द्यायची.

त्या पट्टीवर आता वखारवाल्याचा डोळा होता. डोळा कसला, कागदच होता.

मागच्या उन्हाळ्यात वाखाच्या गंजीला आग लागली. ठिणगी कुठून उडाली देव जाणे. वाख म्हणजे काय, वाळका केसच तो. बघता बघता अर्धी गंजी राख झाली, अर्धी करपली. हातात माल नाही, घरात दाणा नाही. वखारवाल्यानं उधारीवर वाख दिला, वर खर्चाला पैसे दिले, आणि वर्षाची मुदत घालून पट्टी लिहून घेतली. त्याला रस्त्याला लागून गोदाम बांधायचं होतं. माणूस वाईट नव्हता असं लोक म्हणायचे. पैसेवाल्याबद्दल लोक असं म्हणतातच.

धंदा चालू होता, नुसत्या त्याच्यावर देणं कधीच फिटलं असतं. पण घरात एक दुसरी आग होती, आणि ती म्हणजे हा गडी स्वतः. ह्याला गावात कुणी नावानं हाक मारत नसे. घेऊनटाक म्हणायचे. दुकानदारानं 'बघा तरी' म्हणायच्या आत ह्याच्या तोंडून निघायचं, "घेऊन टाकू!" गाणी म्हणणारी विजेरी आणली, ती गाणं म्हणायची पण उजेड द्यायची नाही. घरात कोंबडी नव्हती तरी कोंबड्यांचा पिंजरा आणला, स्वस्त मिळाला म्हणून. बायकोला मोराची छत्री आणली, ती पहिल्याच वाऱ्यात पालथी झाली. स्वतःच्या अंगात मात्र खांद्याला फाटलेला सदरा. त्याला स्वतःसाठी काही नको असायचं. पिशवीतून काहीतरी नवं बाहेर काढलं की घरातल्या बायांची तोंडं घडीभर उजळायची, त्या उजेडाची ह्याला चटक लागलेली.

निम्मं वर्ष असं गेल्यावर बायकोनं लगाम ओढला. आला पैसा तिच्या डब्यात. आणि म्हातारीनं, म्हणजे ह्याच्या आईनं, एक रीत काढली. तिनं दाराच्या खुंटीला एक सुतळी टांगली.

"हे बघ लेका, काही घ्यावंसं वाटलं की मला सांगायचं. मी गाठ मारीन. पुढच्या बाजारापर्यंत थांबायचं."

"आणि मग?"

"मग मी गाठीवर बोट ठेवून विचारीन, ही कशाची? सांगितलंस तर बघू. नाही आठवलं तर गाठ सोडायची."

बाजाराच्या सकाळी एवढा मोठा बाप्या आईपुढं डोकं खाजवत उभा राहायचा.

"ही कशाची?"

"ही... ही ना... थांब जरा."

"आणि ही?"

"ही घमेल्याची. नाही, घमेलं मागच्या वेळचं."

म्हातारी नखानं गाठ सोडायची आणि बायको चाकाशी बसून तोंडाला पदर लावायची. पेठेत हे कळायला वेळ लागला नाही. भांडीवाला लांबूनच ओरडायचा, "काय घेऊनटाक, गाठ मारून आलास का?" शेजारचा खिदळायचा, "आईची चिठ्ठी आण रे!" हा मान खाली घालून पुढं व्हायचा. कान तापायचे. पण खरं सांगायचं तर सुतळीनं काम केलं. हप्ते जाऊ लागले. उन्हाळा परत तोंडावर आला तेव्हा दोनच राहिले होते. एक डब्यात तयार होता, दुसरा उभा करायचा होता. मुदत होती महिन्याच्या शेवटच्या बाजाराची.

आणि अशात नदीवरचा नावाडी आला.

"दोर पाहिजे," तो ओट्यावर टेकत म्हणाला. "ह्या काठापासून त्या काठापर्यंत. धरून नाव ओढायला."

"नायलॉनचा घेत नाही का मामा? वखारीत टांगलाय की हिरवागार," बायकोनं विचारलं.

"आणला होता, पोरी. ओला झाला की हातातून मासळीसारखा निसटतो. परवा भर धारेत सुटला. नावेत लेकुरवाळ्या बाया होत्या. माझी तर जीभ टाळूला चिकटली." त्यानं हात पुढं केले. तळव्यांवर आडवे लाल वळ होते. "मला हाताला धरणारा दोर दे. शेवटच्या बाजाराला गाडी घेऊन येतो, रोख मोजतो. पुढं पाणी वाढणार, मग दोर टाकता येत नाही."

त्यानं सांगितलेला पैसा म्हणजे बरोबर तो दुसरा हप्ता, वर थोडं पीठमीठ. नावाडी गेल्यावर बायकोनं बोटांवर हिशेब केला. मग म्हणाली, "सुटलो की हो आपण."

पण नदीएवढ्या दोराला वाख ढीगभर लागतो. होता तेवढा मांडून बघितला तर कमी पडत होता. बायको उठली आणि छपराच्या कोपऱ्यातून मागच्या वर्षीचा करपलेला वाख ओढून आणला. फणीवर घालून तिनं काळी टोकं झाडून काढली. आतून निघाला तो चहाच्या रंगाचा, बऱ्यापैकी लांब.

"हा मधल्या सुतांना वापरू. वरून चांगला येईल. कुणाला दिसतोय?"

त्यानं एक बट घेतली, दोन बोटांत फिरवली. हाताला ती हलकी लागली. कानाशी नेऊन ओढली तर बारीक तडतड ऐकू आली.

"अगं, हा जळलाय."

"करपलाय. जळला तो राख झाला."

"ह्यात जोर नाही. नवा वाख घ्यायला पाहिजे."

झालं. 'घ्यायला पाहिजे' हे शब्द ह्याच्या तोंडून बाहेर पडले आणि घरातलं वारं फिरलं. बायकोनं फणी खाली ठेवली.

"आली का उबळ?"

"उबळ नाही गं, हात लावून बघ तरी."

"चाळणीला पण असंच म्हणाला होतात. जुनी विरली म्हणून नवी आणलीत. जुनीच अजून वापरतेय मी. खाटेला पण असंच. नवं दिसलं की तुम्हाला जुनं सगळं कुजकंच वाटतं."

"ही काय चाळणी आहे का? नदीवर टांगायचाय."

"आणि पैसा कुठला? डब्यातला? तो हप्ता आहे. वाख विकतो कोण? वखारवाला. म्हणजे त्याचाच हप्ता मोडून त्याच्याकडूनच वाख आणायचा आणि शेवटच्या बाजाराला त्याच्याच पुढं हात हलवत उभं राहायचं. वा!"

हिशेब तिचा बरोबर होता, बोटं ह्याची बरोबर होती. त्यानं आईकडं बघितलं. म्हातारी खुंटीकडं गेली आणि सुतळीला गाठ मारली.

"वाखाची," ती म्हणाली. "पुढच्या बाजाराला विचारते."

"अगं आई, पुढच्या बाजारापर्यंत निम्मा दोर वळून होईल!"

"रीत म्हणजे रीत लेका. एकदा मोडली की मग तुला कोण धरणार?"

मग काय करणार? कमरेला वाख बांधला आणि कामाला लागला.

ऊन असं की चाकाच्या लाकडाला हात लावला तर चटका बसायचा. बायको चाक फिरवायची, म्हातारी ओलं फडकं घेऊन सुतावर फिरवायची, आणि हा मागं मागं जायचा. चांगला वाख बोटांतून जाताना ओढ घेतो, मांजरासारखा. जळका सरळ निघून जायचा, काही न मागता. मध्येच बोटांना पिठासारखं काहीतरी लागायचं. तो ते सदऱ्याला पुसायचा. सदरा दुपारपर्यंत तपकिरी व्हायचा.

गंमत अशी की पीळ झकास बसत होता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं जग बोलतं ना, ते दोरवाल्यांच्याच घरातून गेलेलं असणार. पण जग अर्धंच घेऊन गेलं. पीळ जात नाही, जोर जातो, हे दोरवाल्यानं स्वतःपाशी ठेवलं. दिसायला तो दोर असा देखणा दिसत होता की रस्त्यानं जाणारे थांबून बघत.

रात्री जेवताना तो भाकरी ताटात तशीच ठेवून स्वतःची बोटं चोळत बसायचा. डोळ्यापुढं नावाड्याचे हात यायचे.

"काय झालं?" बायको विचारायची.

"काही नाही."

बोललो की परत तेच होणार, उबळ आणि चाळणी. वर्षभर माणूस उगाच ओरडत राहिला की खरं ओरडायची वेळ येते तेव्हा त्याचा आवाज कुणाला ऐकूच जात नाही. त्याला बायकोचा राग येत नव्हता. स्वतःचाच येत होता, आणि तो कुठं काढावा कळत नव्हतं.

दोराच्या तीन पेडांतले दोन तयार झाले त्या दिवशी दुपारी मात्र त्याच्यानं राहवलं नाही. उरलेल्या सुतांचा त्यानं कासऱ्याएवढा तुकडा वळला, पाण्याच्या पिंपात बुडवला, आणि पट्टीच्या कडेच्या झाडाला, आडव्या फांदीला टांगला. खाली धोंडा बांधायला वाकला तोच बायको आली.

"हे काय चाललंय?"

"बघतोय."

"धोंडा बांधून हिसका द्याल आणि तुटला म्हणाल. मला माहितीय की तुम्ही." तिनं पदर खोचला. "सरका. मी लोंबकळते. माझा जीव प्यारा आहे मला, मी काही हिसका देणार नाही."

"अगं, नको."

"का? भ्याला? मीच खरी निघेन म्हणून?"

तिनं वर हात घालून दोर धरला, पाय उचलले आणि लोंबकळली. दोर टिकला. फांदी किरकिरली, पाणी तिच्या कोपरावरून ठिबकलं. दोर तसाच.

"बघा!" ती वरून हसली. "करपलाय म्हणे. आई, या इकडं, बघा तुमच्या लेकाचा जळका वाख!"

म्हातारी दारात आली. रस्त्यावरनं सायकल घेऊन चाललेला एकजण थांबला आणि दात काढू लागला. ह्याचं तोंड एवढंसं झालं. वाटलं, खरंच असेल, आपल्याला उबळच येते. आपल्या बोटांचाही भरवसा नाही आता.

बायको हसत हसत झुलली. एकदा पुढं, एकदा मागं. आवाज झालाच नाही. वाळकी काटकी मोडताना तरी वाजते. दोर नुसता लांबला, मधे बारीक झाला, आणि ती दाणकन खाली, चोपलेल्या जमिनीवर, बुडावर आपटली.

सायकलवाला खो खो हसला. मग त्यानं तिचं तोंड बघितलं आणि निघून गेला.

ती रडली नाही. तोंड उघडं, श्वास आत अडकलेला. हातात तुटलेलं टोक. तो धावला, काखेत हात घालून उचलायला लागला तर तिनं मानेनंच नको म्हटलं. श्वास आला तसं तिनं ते टोक डोळ्यासमोर धरलं. वरचा पांढरा वाख फाटून मधून तपकिरी कुसळं बाहेर आली होती. तिनं ती बोटांत चुरली. भुगा झाला.

"नावेत लेकुरवाळ्या बाया होत्या म्हणाला होता ना तो," ती म्हणाली.

"हो."

"आणि मी वरून चांगला येईल म्हणत होते." तिनं डोळे मिटले. "आई, ती गाठ सोडा. ह्यांना वाख आणू द्या."

"बाजार झाला नाही अजून, सूनबाई."

"सोडा म्हणते ना!" ती असं कधी सासूवर ओरडली नव्हती. म्हातारीनं आत जाऊन नखानं गाठ सोडली.

दुखणं माकडहाडाचं. उभं राहता येईना, चालणं लांबच. म्हणजे वखारीत जायचं तर ह्यानंच, आणि एकट्यानं. सहा महिन्यांत पहिल्यांदा डबा त्याच्यासमोर उघडला गेला. पालथं पडून तिनं पैसे मोजले, फडक्यात बांधले आणि त्याच्या हातावर ठेवले. पण फडकं सोडलं नाही.

"वाखच ना?"

"वाखच."

"दुसरं काही..."

"अगं, वाखच."

तिनं फडकं सोडलं. तो दारातून बाहेर पडेपर्यंत दोघी बायका त्याच्या पाठीकडं बघत राहिल्या. ते त्याला पाठीवर कळत होतं.

वखार पेठेच्या पार दुसऱ्या टोकाला. हा बाणासारखा निघाला, नजर पायाशी. भांडीवाल्याची हाक आली, वळला नाही. पण औषधाच्या दुकानासमोर पाय थबकले. बाहेर तारेवर रबरी पिशव्या लटकत होत्या. गरम पाणी भरून दुखऱ्या जागी ठेवायच्या, लाल रंगाच्या. त्याला घरात पालथी पडलेली बायको दिसली. हात आपोआप वर गेला. पिशवी मऊ होती, नव्या रबराचा वास येत होता.

"कुणाला पाहिजे? घरात दुखतंय का कुणाचं?" दुकानातली बाई म्हणाली.

"बायको पडली."

"मग बघताय काय? एवढं तरी करा बाईमाणसासाठी."

किंमत फार नव्हती. दोन पेंड्यांच्या आसपास वाख कमी येईल, एवढंच. हे काही चैनीचं नव्हतं, कोंबड्यांचा पिंजरा नव्हता. दुखणाऱ्याला शेक. ह्याला उबळ म्हणायला कुणाची जीभ रेटली असती? फडक्याची गाठ त्यानं अर्धी सोडली. त्याच्या डोळ्यापुढं तिचं तोंड आलं, पिशवी बघून घडीभर उजळेल ते. आणि त्यामागोमाग तेच तोंड, दोन पेंड्या कमी बघून विझेल ते.

त्यानं पिशवी परत तारेला लावली. बोटं निघता निघेनात.

"काय माणूस आहे," दुकानातली बाई मोठ्यानं म्हणाली. "बायको पडली म्हणतो आणि चिमटीतला पैसा सोडत नाही."

आजवर लोक उधळ्या म्हणून हसले होते. चिक्कू म्हणून शिवी पहिल्यांदाच बसली. ती जास्त लागली.

वखारवाला गादीवर बसून कान कोरत होता. फडकं बघितलं तसा सरसावला.

"आण. हप्ता लवकर आणलास."

"हप्ता नाही शेठ. वाख पाहिजे. रोखीनं."

वखारवाल्याची काडी कानातच थांबली. मग तो असा हसला की हमाल सुद्धा पोतं खाली ठेवून बघायला आले.

"शेवटचा बाजार आठ दिवसांवर आलाय आणि हा खरेदीला आलाय! अरे, जित्याची खोड रे ही. घे बाबा, घे. भरपूर घे. नवा माल आलाय, हे बघ, रेशीम आहे रेशीम. आणि हे चाक बघितलंस का? लोखंडी. मोटारीवर चालतं. बायकोला हात लावायला नको. घेऊन जा, पैशाचं मागाहून बघू."

चाक खरंच सुरेख होतं. तेल पाजलेलं, निळ्या रंगाचं. बोटानं ढकललं तर आपल्याआपण फिरत राहिलं, कितीतरी वेळ. घेऊनटाक त्या फिरण्याकडं बघत राहिला. त्याच्या ओठांवर ते दोन शब्द आले होते. जिभेला त्यांची चव कळत होती. वखारवाला काही बोलला नाही. त्याला माहीत होतं, अशा वेळी दुकानदारानं बोलायचं नसतं.

चाक थांबलं.

"वाख दाखवा," तो म्हणाला. "रेशमाचा नको. तो मागच्या थप्पीतला."

एकेक पेंडी त्यानं उघडून बघितली, बट ओढली, कानाशी नेली. चार टाकायच्या, एक ठेवायची. हमाल कंटाळले. फडक्यातला पैसा संपला तिथं तो थांबला. एक पेंडी जास्त झाली होती, ती त्यानं उचलून परत थप्पीवर ठेवली.

"ने की ती, लिहून ठेवतो," वखारवाला म्हणाला.

"नको. हप्त्याला थोडी मुदत मिळेल का शेठ? दोर देऊन एक फेडतो. दुसरा पुढच्या महिन्यात."

वखारवाल्याचं हसू आटलं. "कागदावर काय लिहिलंय ते तुला वाचून दाखवलं होतं. तू अंगठा उठवलास. आता कागद बदलायचा तर मग जगात कागद कशाला?"

डोक्यावर वाख घेऊन तो घरी आला. बायकोनं आधी वाखाकडं बघितलं, मग त्याच्या हातांकडं, मग खिशाकडं.

"दुसरं काही नाही?"

"नाही."

तिनं मान पलीकडं वळवली. तो चुलीशी गेला, एक वीट तापवली, पोत्यात गुंडाळली आणि तिच्या कमरेखाली सरकवली. पिशवीचं त्यानं कुणाला सांगितलं नाही.

मग जे दिवस गेले ते सांगण्यासारखे नाहीत. वळलेले दोन पेड उसवले. बायको पोत्याच्या थप्पीवर तिरकी बसून चाक फिरवायची, एका कुल्ल्यावर. चाक जड गेलं की तिच्या तोंडातून बारीक आवाज निघायचा. तो थांबायचा.

"थांबू नका हो, सूत लुळं पडतं."

म्हातारीच्या हाताला ओल्या फडक्यानं चिरा पडल्या. ह्याच्या टाचा फुटल्या, पट्टीवर बारीक रक्ताचे ठिपके पडायचे आणि उन्हात लगेच काळे व्हायचे. आता वाख बोटांना ओढ देत होता, झोंबत होता. तेवढंच एक सुख. तिघं एकमेकांशी कामापुरतं बोलायची. दुसऱ्या हप्त्याचं कुणी तोंडातून काढलं नाही.

शेवटच्या बाजाराच्या सकाळी दोर पट्टीभर ताणून पडला होता, मागच्या दारापासून रस्त्यापर्यंत. नावाडी गाडी घेऊन आला. त्यानं दोरावर पाणी ओतलं, एक टोक झाडाला बांधलं, दुसरं गाडीला, आणि बैल हाकले. दोर ताठ झाला, त्यातून पाण्याचे थेंब उडाले, आणि बैल जागच्या जागी पाय घासू लागले. बायकोनं डोळे मिटून घेतले होते.

"उघड पोरी," नावाडी म्हणाला. "झाड उपटेल, पण हा सुटायचा नाही."

तो पैसे मोजत होता तोवरच रस्त्याच्या टोकाला वखारवाला उभा राहिला. सोबत एक माणूस, त्याच्या खांद्यावर खुंट आणि काटेरी तारेचं भेंडोळं. पैसे हातात आले तसे दोरवाल्यानं ते त्याच्यापुढं केले.

"हा एक हप्ता."

"आणि दुसरा?"

"तो तुमच्याच गल्ल्यात आलाय शेठ. वाखापोटी."

"त्या पैशाचा वाख नेलास." त्यानं माणसाला खूण केली. "लाव खुंट."

बायको पोत्यावरनं उठली. वाकडी, कमरेला हात लावून, पट्टीच्या मधोमध येऊन उभी राहिली. "शेठ, आजवर दिलं ते सगळं पाण्यात का? राहिलंय ते एवढंसं. त्यासाठी सगळी पट्टी?"

"कागदात तुकडे नसतात बाई."

"ऐका शेठ," दोरवाला म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. "सगळी घेतलीत तर मी दोर वळायचा कुठं? आणि मी वळला नाही तर तुमचा वाख घेणार कोण? अख्ख्या पेठेत मी एकच गिऱ्हाईक आहे. दुसरा घेऊनटाक कुठनं आणणार?"

नावाडी फसकन हसला. वखारवाल्याला हसायचं नव्हतं, पण ओठ हलले.

"तुम्हाला गोदाम पाहिजे ते रस्त्याला," दोरवाला पुढं म्हणाला. "घराकडचं टोक घेऊन काय, म्हशी बांधणार? राहिलंय त्याच्यापुरतं रस्त्याकडचं घ्या. तिथनं पुढं आमचं. आणि कागद इथंच फाडा, हे मामा बघतायत."

वखारवाल्यानं नावाड्याकडं बघितलं. नावाडी गाडीच्या चाकाला टेकून उभा होता, जायची घाई नसल्यासारखा. ऊन वर चढलं. खुंटवाल्यानं खुंट खाली टेकवला.

बरीच घासाघीस झाली. बायको पाऊल पाऊल मागत राहिली, वखारवाला पाऊल पाऊल ओढत राहिला. अखेर रस्त्याकडचा चांगला लांबलचक तुकडा गेला. कागद फाटला. खुंट ठोकला तेव्हा घट्ट जमिनीत तो शिरेना, माणसानं दोन्ही हातांनी घण घातला. प्रत्येक घावाला म्हातारी दारात बसल्या बसल्या डोळे मिचकावत होती.

नदीएवढा दोर आता त्या पट्टीवर कधी होणार नव्हता. दावी होतील, कासरे होतील, विहिरीचा दोर होईल.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. त्याच्या पायांना जुनी लांबी पाठ होती. सूत सोडत तो मागं गेला आणि तार पाठीत घुसली. सदरा आडवा फाटला, काटे कातड्याला लागले. तो तसाच उभा राहिला, हातातलं सूत न सोडता. बायकोनं चाक थांबवलं. पोती उचलली, चाकाच्या दुसऱ्या अंगाला नेऊन ठेवली, आणि कण्हत कण्हत अशी बसली की तिला त्याच्या खांद्यावरनं मागचं दिसावं.

परत चाक फिरलं. तो परत मागं निघाला.

"बास!" ती ओरडली.

तो थांबला. "किती राहिलं?"

"हातभर."

"एक पाऊल अजून येऊ का? सूत तेवढंच लांब होईल."

ती मान तिरकी करून तारेकडं बघत राहिली. चाक हळू झालं, पण थांबलं नाही.

"या," ती म्हणाली. "बघतेय मी. हळू या."